गूळ-पाण्याची पारख

सोनाराच्या दुकानातला केर कधी टाकत नाहीत. तो डब्यात साठवतात, आणि वर्षाकाठी झारेकरी येऊन तो धुतो नि त्यातलं सोनं काढून नेतो. किश्श्यांचंही तसंच आहे. आमच्या पेढीवर रोज काहीतरी घडायचं, आम्ही हसायचो आणि ते कुठंतरी कोपऱ्यात साठत जायचं. फरक एवढाच, की आता हा केर धुवायला मी एकटीच बसलेय. ज्यांच्याबरोबर हसले त्यांतलं कुणी उरलं नाही, आणि म्हातारी बाई एकटीच हसायला लागली की शेजारच्या सुना खिडकीतून डोकावतात!

आमची पेढी शहापुरात. त्या काळी शहापूर सांगली संस्थानात आणि लगतचं बेळगाव इंग्रजांचं. चार पावलं चाललं की राज्य बदलायचं. पण राज्य कुणाचंही असो, हिरा घ्यायचा म्हटला की लोक आधी तो आमच्या आप्पांच्या नजरेखालून घालायचे. निपाणीचे तंबाखूवाले, बेळगावचे वकील, खानापूरकडचे इनामदार, सगळे यायचे. आप्पा म्हणजे माझे वडील. मी त्यांची थोरली मुलगी, गोदू. लग्न होऊन खानापूरला गेले, प्लेगात नवरा गेला आणि मी होते तशी परत आले. आप्पांनी भावकीशी भांडून माझे केस तेवढे राखले. बाकी सगळं रीतीप्रमाणं. पुढच्या दुकानात पाऊल टाकायचं नाही, कुणाच्या शुभकार्यात दिसायचं नाही.

आता हिऱ्याची एक गोष्ट आधी सांगते. हिरा उन्हात बघायचा नसतो, उन्हात काचसुद्धा नाचते. तो बघायचा उत्तरेच्या शांत उजेडात. आमच्या दुकानाचं तोंड दक्षिणेला आणि उत्तरेची खिडकी मागं माजघरात. त्या खिडकीशी बसून आप्पांनी मला लहानपणीच भिंग धरायला शिकवलं. म्हणायचे, "गोदू, डाग नसलेला हिरा हुडकत बसू नको, जन्म जाईल. डाग कुठं हाय तेवढं सांग." तीळ म्हणजे काळा ठिपका, चीर म्हणजे आतली भेग, ढग म्हणजे धुरकटपणा. डाग कडेला असला तर कोंदणाच्या सोन्याखाली झाकता येतो. मधोमध असला तर मात्र इलाज नाही. तो प्रत्येक पैलूत उमटतो आणि एका तिळाचे दहा दिसतात.

पुढं आप्पांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. हिऱ्याच्या पारख्याला मोतीबिंदू! पेढी तर चालली पाहिजे. मग आप्पांनी एक युक्ती काढली. त्यांच्या गादीमागच्या भिंतीत एक आरपार कोनाडा होता. दुकानाच्या बाजूनं त्याला लाल पडदा लावला, वर देवीची तसबीर टांगली, आणि गिऱ्हाइकाला सांगायचं, "खडा आधी देवीम्होरं ठिवायचा, ही आमच्या पेढीची रीत हाय." गिऱ्हाईक खडा वाटीत घालून पडद्याआड ठेवायचं. भिंतीच्या अलीकडं फळी सरकवून मी तो उचलायची, खिडकीशी नेऊन बघायची आणि परत ठेवायची. तोवर आप्पा डोळे मिटून पुटपुटत असायचे. गिऱ्हाइकाला वाटायचं स्तोत्र चाललंय. खरं तर ते औटकी, म्हणजे साडेतीनाचा पाढा, म्हणायचे!

निकाल कळवायचा तो गूळ-पाण्यानं. पाणी मी उंबऱ्यावर ठेवायची आणि आमचे कारागीर बसाप्पा पत्तार ते उचलून पाहुण्यापुढं नेऊन ठेवायचे. पाण्याबरोबर गूळ आला तर खड्यात डाग. नुसतं पाणी आलं तर खडा निर्मळ. त्यामुळं आमच्याकडं उलटाच न्याय होता. ज्याचा हिरा खोटा त्याचं तोंड गोड आणि ज्याचा हिरा लाखात एक त्याची कोरड्या पाण्यावर बोळवण. "शहापूरचा सराफ चिक्कू," असं बोलणारे बहुतेक सगळे चांगल्या हिऱ्यांचे मालक असत.

हे आम्हा चौघांनाच ठाऊक होतं. आप्पा, मी, माझा धाकटा भाऊ शंकर आणि कोपऱ्यात शेगडी फुंकत बसणारे बसाप्पा. लग्नाचे हिरे एक विधवा पारखते हे बाहेर कळलं असतं तर पेढीला कुलूपच लागलं असतं. म्हणून मी गप्प होते. पण रोज खिडकीशी बसल्यावर मला एकच वाटायचं. कुणाला तरी कळावं की हे डोळे माझे आहेत. सगळ्या गावाला नको. एका माणसाला कळलं तरी पुरे.

* * *

बेळगावचे एक वकील होते, अंगानं गोल आणि गोडाचे भोक्ते. सासऱ्यानं दिवाळसणाला दिलेली हिऱ्याची अंगठी घेऊन आले. मी बघितली. कडेला एक बारीक तीळ होता, बाकी खडा झकास. मी नेमाप्रमाणं पाण्याबरोबर गुळाचा एक खडा पाठवला.

वकिलांनी तो तोंडात टाकला आणि त्यांना तो एवढा आवडला, की भरल्या तोंडानं त्यांनी रिकामी बशी बसाप्पांपुढं धरली. बसाप्पा भिडस्त माणूस. त्यांनी बशी उंबऱ्यावर आणली, मी दुसरा खडा ठेवला. आप्पांना दिसत नव्हतं, पण बशी ठेवल्याचा आवाज कळत होता. त्यांना वाटलं गोदूला दुसरा डाग सापडला. त्यांची औटकी थांबली. वकिलांनी तो गूळही संपवला आणि बशी पुन्हा पुढं केली.

तिसऱ्यांदा बशी वाजल्यावर आप्पांना घाम फुटला. हात जोडून म्हणाले, "वकीलसायेब, माझं ऐका. ह्यो खडा घरात ठिवू नका. आजच्या आज सासऱ्याकडं धाडा."

वकिलांनी धाडला. सासरा शरमला आणि त्यानं त्याच्या दुप्पट हिरा बसवून अंगठी परत पाठवली. वकिलांना आमच्या देवीचा असा काही प्रत्यय आला, की तेव्हापासून दर संक्रांतीला त्यांच्याकडून अख्खी ढेप यायची. आमच्या घरात त्यानंतर कधी गूळ संपला नाही.

* * *

निपाणीचे दत्तूअण्णा हिऱ्यांचे दलाल होते. सुरतेहून माल आणायचे, कागदाच्या पुड्यांत बांधून. पहिल्याच बाळंतपणात त्यांची बायको गेली, मूलही गेलं, आणि पुन्हा त्यांनी लग्न केलं नाही, असं आप्पा जेवताना सांगायचे. बेळगावला आले की धर्मशाळेत उतरायचे, हातानं भाकरी थापायचे. मला त्यांचा चेहरा माहीत नव्हता. कोनाड्यातून दिसायचा तो फक्त उजवा हात. वाटी ठेवताना तो हात कधी घाई करायचा नाही.

एकदा ते समोर बसलेले असताना मला भिंतीआड शिंक आली. दाबायला गेले तर आणखी मोठ्यानं आली. दुकानात सगळे गार. देवीची तसबीर शिंकली होती!

बसाप्पांनी फुंकणी खाली ठेवली आणि शांतपणे म्हणाले, "देवीला पडसं झालंय."

दत्तूअण्णांनी पुडी बांधली आणि ते गेले. पुढच्या खेपेला आले तेव्हा हिऱ्याच्या पुडीबरोबर दुसरी एक पुडी त्यांनी कोनाड्यात ठेवली. "मागल्या वक्ताला देवीला पडसं झालतं न्हवं," ते म्हणाले, "सुंठ आणलीया." ते गेल्यावर आप्पा, शंकर आणि बसाप्पा पोट धरून हसले. किती भोळा माणूस, म्हणाले. मीही हसले. पण सुंठ मात्र मी कुणाला वापरू दिली नाही.

* * *

आमच्याकडं हिरा असा पैसे मोजून लगेच नेत नाहीत. आधी तो लाभतो का ते बघतात. तीन रात्री घरात ठेवायचा, उशाखाली घ्यायचा, आणि काही वाईट घडलं नाही तर घ्यायचा. घडलं तर परत. त्यात डाग असो वा नसो, लोकांचा भरवसा भिंगापेक्षा उशीवर जास्त.

एक खडा होता आमच्याकडं. इतका निर्मळ खडा मी पुन्हा पाहिला नाही. भिंगातून कितीही फिरवा, आत नुसतं पाणी. पण तो काही कुणाकडं टिकेना. एका घरी तो गेला आणि बैल लंगडला. दुसरीकडं गेला नि पोराला गोवर आला. मग निपाणीच्या एका तंबाखूवाल्याच्या बायकोनं नेला. दोन दिवस बरे गेले. म्हैस व्याली, भाव वाढला, नवरा खूश. आम्हाला वाटलं, आता बाई हिरा घेतेच. तिसऱ्या दिवशी गाडी जुंपून ती स्वतः दारात हजर. आप्पांनी विचारलं, काय वाईट झालं?

"सासूबाई आल्या," ती म्हणाली. "आनि ऱ्हायला आल्यात!"

खडा पुन्हा आमच्या तिजोरीत. बसाप्पा हसत म्हणाले, "ही तर माहेरवाशीणच झाली की. कितीबी धाडा, आपली परत येतीया."

दुकानात हशा पिकला आणि मधेच तुटला. मी भिंतीआड आहे हे त्यांच्या उशिरा ध्यानात आलं. मग बसाप्पा बराच वेळ ऐरणीवर ठाकठोक करत बसले, काही काम नसताना. मला त्यांचा राग नव्हता. ते खरंच बोलले होते. माझ्यातही कुणाला डाग सापडला नव्हता, मी फक्त लाभले नव्हते.

* * *

खानापूरच्या एका घरातल्या मुलीचं लग्न होतं. तिची आजी कुड्यांचे हिरे पारखून घ्यायला आली. बाई मोठी कडक. खडे वाटीत घालायच्या आधीच तिनं बजावलं, "लग्नाचा जिन्नस हाय. विधवेची नजर पडता कामा न्हाय."

आप्पांनी जराही न अडखळता सांगितलं, "हितं फकस्त देवीची नजर पडती."

मी खडे बघितले. दोन्ही उत्तम. पाणी दिलं, नुसतं. आजीनं तोंड वाकडं करत ते प्यायलं आणि हिरे घेऊन गेली.

ती मुलगी सासरी सुखात नांदली. पोरंबाळं झाली, नवऱ्याचा जम बसला. आणि हे सगळं आमच्या देवीच्या नजरेनं झालं असं तिनं मनात घेतलं. एका चैत्रात ती शालू नेसून पेढीवर आली आणि म्हणाली, देवीची ओटी भरायची आहे. आता काय करायचं? आप्पा म्हणाले, "भर की."

पडद्याआडून दोन हात आले, हिरव्या बांगड्यांनी भरलेले. खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकवाची पुडी. मी आपला पदर पसरला नव्हता, पण कोनाडा माझ्या बाजूला उघडा होता आणि तांदूळ सांडायला लागले, म्हणून मी ओंजळ पुढं केली. खानापूर सोडल्यापासून माझी ओटी कुणी भरली नव्हती. भरणारही नव्हतं.

बाहेरून तिनं विचारलं, "पोचली का हो आप्पा?"

 आप्पा म्हणाले, "पोचली, बाळ."

त्यानंतर ती दर चैत्रात यायची. खण मी पेटीत घडी करून ठेवत गेले. त्यांची चोळी कुठून शिवणार! आमच्या घरात सगळ्यांत जास्त खण कुणाकडं असतील तर ते माझ्याकडं.

* * *

बेळगावच्या कॅम्पातली एक मडम विलायतेला परत निघाली होती आणि हिऱ्याचा ब्रूच विकायचा होता. बरोबर दुभाषा म्हणून तिचा बटलर. आप्पांनी रीत सांगितली, ब्रूच पडद्याआड ठेवायला लावला, औटकी सुरू केली. मडमेला धीर कुठला! तिनं उठून सरळ पडदाच बाजूला केला.

मी नेमकी ब्रूच परत ठेवत होते. भिंग अजून डोळ्याला होतं. तिचे निळे डोळे आणि माझा एक भलामोठा डोळा, असे आम्ही समोरासमोर. बसाप्पा सांगायचे, की आपण त्या क्षणी फुंकणी उचलून गोकाकला जायचं ठरवलं होतं.

मडम ओरडली नाही. तिनं हळूच पडदा सोडला, जागेवर येऊन बसली आणि बटलरला काहीतरी म्हणाली. बटलरनं घसा साफ केला.

"मडम म्हनत्यात, तुमच्या देवीचं डोळं लई देखणं हाईत."

आप्पांनी मान डोलावली. "व्हय. जागृत हाय."

त्या संध्याकाळी मी तुळशीपाशी दिवा लावला आणि माजघरातल्या आरशात बघितलं. आरसा बघायला मला कुणी मनाई केलेली नव्हती. बघावा, असंही कुणी म्हटलं नव्हतं. डोळे बरे होते खरे. मला फार वाईट वाटलं. ज्या बाईला मी पुन्हा दिसणार नव्हते, तिलाच ते दिसले होते.

* * *

दत्तूअण्णांना बहुतेक वेळा गूळ मिळायचा. सुरतेचा माल, त्यात डाग नसलेले खडे थोडेच. एकदा मात्र मी नुसतं पाणी पाठवलं. त्यांनी ते सावकाश प्यायलं आणि भांडं खाली ठेवत म्हणाले, "आज खडा पास झाला वाटतं."

आप्पांच्या तोंडचं पाणी पळालं. बसाप्पांची फुंकणी थांबली. दत्तूअण्णा शांतच. म्हणाले, "घाबरू नगासा आप्पा. मला सुंठीच्या आधीपासनं ठावं हाय."

म्हणजे आम्ही त्यांना भोळे म्हणून हसलो, तेव्हा ते आमच्यासाठीच भोळे झाले होते. आप्पांनी त्यांना देवीची शपथ घातली. त्यांनी ती घेतली आणि पाळली.

पण एक बदल झाला. इतकी वर्षं वाटी ठेवताना ते "आई, बघ" असं म्हणायचे. त्या दिवसापासून त्यातली 'आई' गेली. नुसतं "बघा" म्हणायला लागले. आप्पांनी हे ऐकलं. त्यांची औटकी त्या दिवशी चुकली.

मीही मग नुसता गूळ पाठवेना. डाग कडेला असला तर गूळ बशीच्या कडेला ठेवायची, डावीकडं असला तर डावीकडं. ढग असला तर गूळ किसून. दत्तूअण्णा बशी बघायचे आणि आप्पांना सांगायचे, की डावीकडं कोंदणात झाकला तर चालंल. एका शब्दाचीही गरज नव्हती. शंकर थट्टेनं म्हणायचा, आक्का एवढं बोलते हे आम्हाला ठाऊकच नव्हतं.

एकदा त्यांनी वाटी ठेवली आणि हात तसाच कोनाड्यात राहू दिला. पलीकडून म्हणाले, "माझ्याजवळ घरचा एक खडा हाय. पानी चांगलं हाय, पर मधोमध तीळ. कुनाला दाखवावा असं वाटलं न्हाय कंदी."

आप्पा म्हणाले, आणा की, देवी बघेल.

"आनतो," ते म्हणाले. "धीर झाला की."

त्यानंतर ते यायचे तेव्हा वाटी उचलून मी घाईघाईनं खिडकीशी जायची. पुडी उघडायची. प्रत्येक वेळी सुरतेचाच माल निघायचा.

* * *

आप्पा गेले. पाठोपाठ बसाप्पाही गेले. लढाई सुरू झाली, सुरतेहून माल यायचा थांबला आणि दत्तूअण्णाही यायचे थांबले. ते निपाणीत आजारी आहेत असं कुणी म्हणालं, तर कुणी म्हणालं, ते निपाणी सोडून गेले. मी कुणाला विचारणार, आणि कुठल्या नात्यानं!

शंकरनं दुकान नवं केलं. गल्लीत वीज आली होती. काचेचं कपाट आलं, टेबल आलं. त्याला ते कपाट ठेवायला भिंत सपाट हवी होती. मला येऊन म्हणाला, "आक्का, लोकं आता देवीला दाखवत न्हाईत, पावती मागत्यात." चांगला पोरगा होता तो, सांगताना त्याची मान खाली होती. मी म्हटलं, बुजव बाबा.

गवंडी आला, कोनाडा बुजला, वरून चुना फिरला. देवीची तसबीर माझ्याकडं माजघरात आली. दुकानातलं बोलणं आता भिंतीतून नुसतं गुणगुणल्यासारखं ऐकू यायचं, शब्द कळायचे नाहीत. सकाळचा उजेड मात्र उत्तरेच्या खिडकीतून पूर्वीसारखाच येत राहिला. मीही पूर्वीसारखी तिथं जाऊन बसायची. खडे बघणं काही सुटलं नाही माझं. फक्त आता ते तांदळातले होते.

* * *

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी, संक्रांत दोन-चार दिवसांवर आलेली. वकिलांच्या मुलाकडून नेहमीची ढेप येऊन पडली होती आणि मी तिळगुळाचे तीळ निवडत होते. पुढं शंकरच्या दुकानात निपाणीचं एक कुटुंब बांगड्या बघत होतं. त्यांच्या बोलण्याच्या गुणगुणीत एक आवाज मिसळला आणि माझा हात तिळांत थांबला.

मी उठून उंबऱ्याच्या आत, दाराआड उभी राहिले. दत्तूअण्णा शंकरला विचारत होते, देवी कुठं गेली?

शंकर म्हणाला, "अण्णा, कोनाडा बुजवला की. काय माल असंल तर हितंच दावा, बत्ती लावतो."

"बत्तीचा खडा न्हवं त्यो," दत्तूअण्णा म्हणाले.

ते थोडा वेळ त्या कपाटामागच्या भिंतीकडं तोंड करून उभे राहिले असावेत, कारण शंकर पुन्हा पुन्हा त्यांना बसायला सांगत होता. मग काठीचा आवाज माझ्या दिशेनं आला. परका पुरुष आमच्या उंबऱ्यापर्यंत कधी आला नव्हता. फटीतून तो उजवा हात दिसला.  त्यानं एक पुडी उंबऱ्यावर ठेवली, नेमकी तिथं, जिथं मी इतकी वर्षं पाणी ठेवत आले होते.

"बघा," ते म्हणाले, आणि काठी टेकत परत दुकानात जाऊन बसले.

मी पुडी खिडकीशी नेली. कागद जुना होता, घड्यांवर विरलेला, वर्षानुवर्षं खिशात राहून मऊ पडलेला. आत हरभऱ्याच्या डाळीएवढा हिरा. पाणी सुरेख. मी भिंग लावलं. मधोमध तीळ होता, काळाभोर, प्रत्येक पैलूतून माझ्याकडं बघत. कुठल्याही कोंदणात झाकता न येणारा.

मी बशी घेतली आणि ढेपेपाशी गेले. गूळ बशीच्या मधोमध ठेवायचा, एवढंच काम होतं. मी तशीच उभी राहिले. मग बशी परत फळीवर ठेवली, घासलेलं भांडं घेतलं, पाणी भरलं आणि पुडी त्याच्याशेजारी तळहातावर धरली. उंबऱ्यावर ठेवलं तरी उचलायला आता बसाप्पा नव्हते.

मी उंबरा ओलांडला.

शंकर ताडकन उभा राहिला. निपाणीच्या बायका बांगड्या हातात तशाच धरून माझ्या कपाळाकडं बघायला लागल्या. मी कुणाकडं बघितलं नाही. आप्पांची जुनी गादी अजून कोपऱ्यात होती, तिच्यावर जाऊन बसले आणि भांडं दत्तूअण्णांपुढं ठेवलं, पुडी तळहातावरच होती. त्यांचा चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. केस सगळे पिकलेले, गाल आत गेलेले. ते माझ्याकडं बघत नव्हते. भांड्याशेजारच्या मोकळ्या जागेकडं बघत होते.

"गूळ?" त्यांनी हळूच विचारलं.

"संपला," मी म्हणाले.

दत्तूअण्णांनी भांडं दोन्ही हातांनी उचललं आणि त्यातलं सगळं पाणी प्यायलं.

शंकर गोंधळून माझ्याकडं बघत म्हणाला, "अगं आक्का, कालच अख्खी ढेप आलीया की!"